अबदागीर, मेणा आणि काळी कांच

वैशाखाचे दिवस, दुपारचे दोन वाजलेले. स्वारगेटच्या चौकांत केशवराव जेध्यांच्या पुतळ्यापाशीं गाड्यांची रांग तटली होती, आणि त्या रांगेंत एका ठेंगण्या, दोनच दारांच्या मोटारींत गुडघे पोटाशीं घेऊन आम्ही बसलों होतों. मोटार आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची. कोणी दोन वर्षें वापरलेली ती त्यानें नुकतीच विकत घेतली होती, आणि नव्या सुनेचें करावें तसें तिचें कौतुक चाललें होतें. वाऱ्याला कापीत जावी अशी तिची घडण. छप्पर मागें उतरत जाऊन शेपटाशीं मिळालेलें, आणि मागची कांच उभी नसून जवळजवळ निजलेली. त्या निजलेल्या कांचेंतून ऊन सरळ आमच्या मानेवर उतरत होतें. थंड हवेचें यंत्र आपल्या परीनें कुंथत होतें, पण त्याचा प्रसाद गुडघ्यांपलीकडे पोंचत नव्हता.

“सर, मागच्या आणि बाजूच्या कांचा काळ्या करून घेतों,” तो म्हणाला. “इथें जवळच दुकान आहे. तुम्हीही चला.”

“काळ्या कशासाठीं? उन्हासाठीं कीं लोकांसाठीं?” आम्हीं विचारलें.

तो क्षणभर थांबला आणि हंसून म्हणाला, “दोन्हींसाठीं, सर.”

उत्तर मोठें प्रामाणिक होतें. तें मनांत घोळूं लागल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं वाहनावरील आच्छादनाचा सारा इतिहास या एका शब्दांत सांठविलेला आहे. ऊन अडविणें आणि नजर अडविणें हीं दोन कामें निराळीं. पण तीं शतकानुशतकें एकाच कापडानें केलीं, आणि त्यामुळें यांपैकीं कोणतें काम चाललें आहे हें विचारण्याची गरज कोणास फारशी भासली नाहीं. आज ती गरज उत्पन्न झाली आहे, आणि ती कशी उत्पन्न झाली हें पाहण्यास स्वारगेटइतकी सोयीची जागा पुण्यांत दुसरी नाहीं. या नांवांतच स्वार आहे आणि गेट आहे. येथें नाक्यावर घोडेस्वारांचा पहारा असे, अशी या नांवाची उपपत्ति लोक सांगतात. ती खरी मानली तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाहनांत डोकावून पाहणें हें या जागेचें मूळचेंच काम होय.

प्रथम या मोटारीच्या कुळाविषयीं दोन शब्द. तिला ‘कूपे’ म्हणतात. हा शब्द आमच्या पिढीस मोटारीमुळें नव्हे, तर आगगाडीमुळें ठाऊक झाला. पहिल्या वर्गांतील दोघांपुरती बंद खोली ती कूपे. मूळ शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘कापलेली’ असा आहे. चार माणसें समोरासमोर बसतील अशा मोठ्या घोडागाडीचा पुढचा भाग कापून टाकला, आणि दोघांनीं पुढें तोंड करून बसावें अशी आटोपशीर बंद गाडी केली, ती कूपे. इंग्लंडांत लॉर्ड ब्रूम या मुत्सद्द्यानें १८३८ च्या सुमारास याच धर्तीची गाडी आपल्यासाठीं बांधवून घेतली, आणि ती पुढें त्याच्याच नांवानें प्रसिद्ध झाली. मुंबईची व्हिक्टोरिया उघडी; तींत बसणाऱ्यास चार लोकांनीं पाहावें अशीच तिची रचना. ब्रूम गाडी बंद. ज्यास मुक्कामीं लौकर पोंचावयाचें आहे आणि वाटेंत कोणाशीं रामराम करावयाचा नाहीं अशासाठीं ती. तेव्हां एकांत हा कूपेच्या रक्तांतच आहे. पुढें घोडे गेले, नांव राहिलें, आणि त्या नांवास वेगाची हौस चिकटली.

आपल्याकडेही हा प्रकार अगदींच परका राहिलेला नाहीं. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी संस्थेनें आंखलेली ‘अवंती’ नांवाची दोन आसनांची कूपे २०१२ च्या जानेवारींत दिल्लीच्या मोटार-प्रदर्शनांत मांडली गेली, आणि पुढें तिचें उत्पादन आपल्या पुण्याजवळ तळेगांवीं झालें. काळ्या कांचांविषयींचा निकाल त्याच वर्षीं लागला, हा एक योगायोग. त्याकडे पुढें येऊं. अशा गाड्यांत एक अडचण स्वभावतःच असते. वेगासाठीं छप्पर उतरतें केलें कीं कांच आडवी होते, आणि आडव्या कांचेवर डोक्यावरचें ऊन अधिक पडतें. आंत आलेलें ऊन आसनें तापवितें, आणि तापलेल्या आसनांची उष्णता त्याच कांचेंतून परत बाहेर जाऊं शकत नाहीं. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याची निम्मी तक्रार तरी खरी होती.

आतां मागें वळूं. आपल्याकडे सावली ही नुसती सोय कधींच नव्हती. ती मान होती. ‘छत्रपति’ या पदवींतच छत्र आहे. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर शिवाजी महाराजांच्या मस्तकावर छत्र धरलें गेलें, तें ज्येष्ठांतील ऊन लागत होतें म्हणून नव्हे. छत्राखालोखाल अबदागीर. हा शब्द मूळ फारशी ‘आफताबगीर’ असा आहे. आफताब म्हणजे सूर्य, आणि त्याला धरून ठेवणारा तो आफताबगीर. लांब काठीवर बसविलेलें पानाच्या आकाराचें तें आच्छादन घेऊन सेवक धन्याच्या बाजूनें चालत असे. पेशवाईंत अबदागीर किंवा पालखी ही पैसा आहे म्हणून कोणीही बाळगावी अशी वस्तु नव्हती. ती सरकारांतून मिळे. पालखीचा मान दिला म्हणजे भोयांच्या खर्चासाठीं नेमणूकही लावून दिली जाई. उन्हांत कोणीं चालावयाचें आणि सावलींत कोणीं, हें दरबार ठरवी. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या देशांत कित्येक ठिकाणीं खालच्या मानलेल्या जातींच्या माणसांस वरिष्ठांसमोर छत्री उघडण्याची मनाई असे. ऊन सर्वांस सारखेंच लागत होतें. सावली मात्र शिक्कामोर्तब होऊन येत होती.

गंमत अशी कीं ज्या फारशी भाषेनें अबदागीर दिली तिनेंच आपल्याला ‘तावदान’ हा शब्द दिला. ‘ताब’ म्हणजे तेज; तेज आंत घेणारें तें ताबदान. एक शब्द सूर्यास अडविणारा, दुसरा सूर्यास आंत घेणारा. तेव्हां मोटारीच्या कांचेवर काळी फिल्म चिकटविणें म्हणजे तावदानाची अबदागीर करणें होय, असें म्हटल्यास शब्दशास्त्री आमच्यावर रागावणार नाहींत अशी आशा आहे.

पालखी उघडी आणि मेणा बंद, हा भेदही येथें महत्त्वाचा आहे. पालखींतला माणूस लोकांना दिसावा लागे, कारण न दिसणारा मान हा मान नव्हे. मेणा याच्या उलट. लांकडी पेटीसारखा, दारें लावलेला किंवा पडदे सोडलेला. त्यांत बहुधा स्त्रिया, क्वचित् आजारी माणसें. मेण्यांतील माणसास फटींतून बाहेरचा रस्ता दिसे, बाहेरच्यास आंतलें कांहीं दिसत नसे. काळ्या कांचेचा गुण तंतोतंत हाच. अंधारांतल्यास उजेडांतलें दिसतें, उजेडांतल्यास अंधारांतलें दिसत नाहीं, हें मेणा घडविणाऱ्या सुतारास पूर्ण ठाऊक होतें. फिल्म विकणारा तीच विद्या आज चौरस फुटांच्या दरानें विकतो.

ज्या वाहनांत कोण बसलें आहे हें नीट कळत नाहीं त्याचा राजकारणांत काय उपयोग होतो, हें महाराष्ट्रास शिकवावयास नको. १६६० च्या जुलैंत पन्हाळ्याच्या वेढ्यांतून महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हां दुसऱ्या पालखींत शिवा काशीद महाराजांच्या वेषानें बसला होता, आणि सिद्दीच्या माणसांनीं तीच पालखी धरून नेली. त्यांनीं पालखी पाहिली. आंतला माणूस पाहिला नाहीं. सहा वर्षांनीं, १६६६ च्या ऑगस्टांत, आग्र्याच्या पहारेकऱ्यांनीं मिठाईचे पेटारे उघडून पाहण्याचा कंटाळा केला, अशी कथा बखरींपासून शाळेच्या क्रमिक पुस्तकांपर्यंत सर्वत्र सांगितली जाते. या गोष्टी ऐकतांना लहानथोर सर्वांस आनंद होतो, आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळें आपल्याला एक खोड जडली आहे. झांकलेल्या वाहनाची गोष्ट निघाली कीं आपण मनानें आंतल्या माणसाच्या पक्षाला जाऊन बसतों, पहारेकऱ्याच्या नव्हे. पहारेकरी आतां मोगलांचा राहिलेला नसून आपलाच आहे, हें ध्यानांत यावयास वेळ लागतो. चौकांतील पोलिसानें कांच खालीं करावयास सांगितलें असतां आपल्या कपाळावर जी आठी पडते तिच्यांत आग्र्याच्या सुटकेचा थोडा अंश असावा असा आम्हांस संशय आहे.

मेण्याची कथा स्त्रियांखेरीज पुरी होत नाहीं. महाराष्ट्रांत गोषा सर्वत्र नव्हता. सरदार व संस्थानिक मराठा घराण्यांत तो कडक पाळला जाई. ब्राह्मण, कुणबी, माळी यांच्या बायका तोंड उघडें ठेवून नदीवर, देवळांत, शेतांत जात. म्हणजे येथेंही पडदा हा मानाचाच एक प्रकार होता. ज्या घरची बाई दिसत नाहीं तें घर मोठें. परंतु जी बाई दिसत होती तिला दिसण्याचें स्वातंत्र्य होतें असें मात्र समजूं नये. ती पाणी आणावयास जातांना दिसली तर चालत असे. शिकवावयास जातांना दिसली कीं चालत नसे. १८४८ सालीं भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली, आणि सावित्रीबाई फुले पायीं शाळेंत जाऊं लागल्या, तेव्हां याच शहरांतील रस्त्यांवर त्यांच्या अंगावर चिखल व शेण टाकण्यांत आलें. त्यांना त्या वेळीं कोणी मेणा देऊं केला असता, तर त्यांनीं तो घेतला असता असें आम्हांस वाटत नाहीं. रस्त्यानें उघडपणें जाणें हाच त्या शाळेचा पहिला धडा होता.

मोटारगाडी आली तेव्हां मेण्याचा पडदा तिच्यावर चढला. संस्थानिकांनीं विलायतेहून मागविलेल्या उंची मोटारींत राण्यांसाठीं मागच्या भागास पडदे, किंवा बाहेरून आंतलें दिसूं नये अशा गडद कांचा बसवून घेतल्या जात. तेव्हां मोटारीच्या मागच्या कांचा काळ्या करण्याची चाल आजकालच्या तरुणांनीं काढली असें म्हणणें त्यांच्यावर अन्यायाचें होईल. ती राजवाड्यांतून निघाली, आणि पुढें नट, पुढारी, कंत्राटदार अशा क्रमानें आमच्या विद्यार्थ्यापर्यंत येऊन पोंचली. पण राजवाड्यांतही हा पडदा सर्वांनीं सोसला नाहीं. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांनीं गोषा टाकून दिला, हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजींत एक ग्रंथ दुसऱ्या लेखकाच्या साह्यानें १९११ सालीं प्रसिद्ध केला, आणि १९२७ च्या जानेवारींत पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें त्याचें अध्यक्षस्थान स्वीकारलें. तें अधिवेशन फर्ग्युसन कॉलेजांत भरलें होतें. एका गोषांतल्या घराण्याच्या राणीनें मुलींच्या शिक्षणाविषयीं भर सभेंत बोलावें, हा त्या काळीं लहान प्रसंग नव्हता.

त्याच कॉलेजच्या रस्त्यावर आज उभें राहावें आणि दुचाक्यांवरून जाणाऱ्या मुली पाहाव्या. डोळे तेवढे उघडे ठेवून सारें तोंड त्यांनीं स्कार्फनें घट्ट बांधलेलें असतें. परगांवच्या माणसास याचें मोठें नवल वाटतें. कारण विचारलें तर त्या ऊन आणि धूळ सांगतात. आणखी थोडें विचारलें तर ‘ओळखीचें कोणी भेटलें तर!’ असें म्हणून हंसतात. म्हणजे पुन्हां तेंच ‘दोन्हींसाठीं’. कोणी जुन्या वळणाचे गृहस्थ यांत गोषा परत आला असें म्हणतात, पण तें आम्हांस पटत नाहीं. स्कार्फची गांठ त्या मुलीच्या हातांत आहे. मेण्याचें दार कोणीं केव्हां उघडावयाचें हें मेण्यांतल्या बाईस विचारून ठरत नसे.

आतां प्रत्यक्ष फिल्मकडे येऊं. कांच काळी करण्याचे दोन मार्ग आहेत. कारखान्यांत कांच ओततांनाच रसांत रंग मिसळावा, हा एक. आणि तयार कांचेवर मागाहून आंतून पातळ फिल्म चिकटवावी, हा दुसरा. ही फिल्म पॉलिएस्टरची असते. हें द्रव्य १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन या दोन रसायनज्ञांनीं शोधून काढलें, तें धाग्यासाठीं. आमच्या लहानपणीं ज्याच्या सदऱ्यांचा थाट होता तें टेरिलीन हेंच. तेंच ताणून कागदाहून पातळ व पारदर्शक केलें म्हणजे फिल्म तयार होते. ऊन अडविणाऱ्या अशा फिल्मचें पेटंट अमेरिकेंतील थ्री-एम कंपनीस १९६६ सालीं मिळालें.

येथें थोडें पदार्थविज्ञान सांगणें भाग आहे, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे. सूर्यापासून येणाऱ्या उष्णतेचा जवळजवळ निम्मा भाग डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. केवळ रंग देऊन काळी केलेली स्वस्त फिल्म दिसणारा उजेड गिळते, स्वतः तापते, आणि त्यांतली बरीच उष्णता आंतल्या माणसांसच परत देते. काळोख होतो, गारवा बेताचाच येतो. उलट अलीकडे सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण घालून, किंवा कित्येक पातळ थर एकावर एक बसवून केलेल्या फिल्म निघाल्या आहेत. त्या दिसावयास जवळजवळ स्वच्छ असतात. पण अवरक्त किरणांचा मोठा भाग आणि अतिनील किरण तर बहुतेक सर्व अडवितात. छत्र, अबदागीर, मेणा, वाळ्याचा पडदा यांपैकीं कोणासही जें कधीं साधलें नाहीं तें या कागदाएवढ्या पापुद्र्यास साधलें आहे. ऊन अडवावें आणि नजर अडवूं नये, हें आतां शक्य आहे. यामुळें एक जुनी सबब मात्र गेली. काळी कांच मागणाऱ्यानें ती उन्हासाठींच मागितली असें म्हणण्यास आतां जागा राहिलेली नाहीं. त्याला उन्हापासूनच सुटका हवी असेल तर स्वच्छ फिल्म दुकानांत आहे. तरीही तो काळीकडेच बोट दाखवीत असेल, तर तो अबदागीर मागत आहे किंवा मेणा मागत आहे.

कायद्यानें हा भेद सुरुवातीस ओळखला नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० व्या नियमानें समोरच्या व मागच्या कांचेंतून शेंकडा ७० आणि बाजूच्या कांचांतून शेंकडा ५० उजेड आरपार गेला पाहिजे असें ठरविलें होतें. नियम उत्तम होता. मोजणारा मात्र कोठें नव्हता. अखेर एका नागरिकाच्या लोकहितार्थ अर्जावर सरन्यायाधीश कपाडिया, न्यायमूर्ति पटनायक व न्यायमूर्ति स्वतंत्रकुमार यांच्या पीठानें २७ एप्रिल २०१२ रोजीं निकाल दिला. त्याचें सार असें कीं नियमांत जे आंकडे आहेत ते कारखान्यांत बनलेल्या कांचेविषयीं आहेत; त्या मर्यादेंत कांच मुळांतच रंगीत असली तर असो, पण मागाहून कोणत्याही टक्क्यांची काळी फिल्म तिच्यावर चिकटवितां येणार नाहीं. काळ्या कांचांआड होणारे गुन्हे हें मुख्य कारण न्यायालयानें विचारांत घेतलें. ४ मे २०१२ पासून अंमल सुरू झाला, आणि गांवोगांवच्या चौकांत पोलीस फिल्म ओरबाडून काढूं लागले. दंड त्या वेळीं पहिल्या गुन्ह्यास फार तर १०० रुपये असे. फिल्मची किंमत त्याच्या कितीतरी पट. म्हणून दंडापेक्षां ओरबाडण्याचाच धाक अधिक बसला.

या निकालांत एक लहानशी खिडकी ठेवलेली आहे. ज्यांना झेड किंवा झेड-प्लस वर्गाचें संरक्षण दिलेलें आहे अशा बड्या व्यक्तींच्या सरकारी गाड्यांचा विचार गृहसचिव व पोलिसांचे प्रमुख यांच्या समितीनें करावा, असें तेथें म्हटलें आहे. तो भाग वाचतांना आम्हांस पेशवे दफ्तराची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. ज्याच्या जिवास खरोखर धोका आहे त्यास आडपडदा द्यावा, हें न्याय्यच आहे. पण हिंदुस्थानांत जी वस्तु सरकारच्या परवानगीनें थोड्यांना मिळते ती थोड्याच दिवसांत मान होऊन बसते. ज्यांना धोका नाहीं अशांनाही मग ती हवीशी वाटते. पालखीचें असेंच झालें होतें.

निकालास आठ महिने होत नाहींत तोंच, १६ डिसेंबर २०१२ च्या रात्रीं दिल्लींत एका खासगी बसमध्यें जें घडलें तें वाचकांस सांगावयास नको. त्या बसच्या कांचा काळ्या होत्या आणि आंत पडदे होते. नियम होता, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. तरी ती बस राजधानीच्या रस्त्यांवरून फिरत होती. त्यानंतर नियम पुन्हां बदलला. १ एप्रिल २०२१ पासून लागूं झालेल्या सुधारित १०० व्या नियमांत प्रमाणभूत ठरलेल्या प्लास्टिक-थराच्या कांचांस जागा मिळाली, आणि त्याच्या आधारें केरळच्या उच्च न्यायालयानें २०२४ च्या सप्टेंबरांत, ७० व ५० या मर्यादा पाळणारी फिल्म लावणारास दंड करूं नये असा निर्णय दिला. तो निर्णय महाराष्ट्रांतील न्यायालयांस बंधनकारक नव्हे. आम्हांस तो तर्कास धरून वाटतो. कारण अडवावयाचें तें अंधारास, फिल्मला नव्हे.

रांग अजून हालली नव्हती. डाव्या हातास एस.टी.चें स्थानक दिसत होतें. १ जून १९४८ रोजीं अहमदनगरहून निघालेली पहिली एस.टी. पुण्यास आली, तेव्हांपासून या गाड्यांनीं महाराष्ट्रास जितकें जवळ आणलें तितकें कोणा पुढाऱ्यानें आणलें नसेल. लाल गाडीची खिडकी सरकवून बाहेर डोकें काढलेले प्रवासी, आणि खालून हात उंच करून भाकरीचें गांठोडें वर देणारी म्हातारी, हें चित्र आम्हीं या आवारांत कितीदां तरी पाहिलें आहे. आंतले बाहेर पाहत, बाहेरचे आंत पाहत. २०१७ पासून शिवशाही नांवाच्या थंड हवेच्या गाड्या आल्या. त्यांच्या कांचा बंद, आंत पडदे. आम्हीही त्यांतून सुखानें प्रवास केला आहे आणि त्या सुखास नांवें ठेवण्याचा आमचा विचार नाहीं.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजीं पहाटे, याच आवारांत उभ्या असलेल्या एका शिवशाहींत एका तरुणीवर अत्याचार झाला. आवारांत माणसें होतीं. पोलीस ठाणें जवळच होतें. काळी फिल्म हें येथें कारण नव्हतें, हें स्पष्टच सांगितलें पाहिजे. उभी ठेवलेली गाडी, विझलेले दिवे, बंद दार आणि राखणदारांची बेफिकिरी हीं कारणें होतीं. पण मेण्याचा जो गुण आम्हीं वर सांगितला, कीं बाहेरच्यास आंतलें कांहीं दिसत नाहीं, तो त्या पहाटे त्या गाडीस पुरेपूर होता. गारवा आंत राहावा म्हणून बंद केलेल्या गाडींत आवाजही आंतच राहतो. असें असतां पुढें कित्येकांनीं त्या मुलीसच विचारलें कीं तूं आरडाओरड कां केली नाहींस. ज्यांनीं हा प्रश्न केला त्यांनीं दार लावलेल्या थंड हवेच्या गाडींत एकदां बसावें, आणि बाहेर उभ्या असलेल्या मित्रास हांक मारून पाहावी.

पुढें रांग सुटली आणि आम्ही दुकानाशीं आलों. काम पाहण्यासारखें असतें. फिल्म आधीं कांचेच्या बाहेरच्या अंगावर पसरून मापानें कापतात, साबणाच्या पाण्यानें आंतली बाजू भिजवितात, आणि रबरी पट्टीनें पाणी दाबून काढतात. कूपेची मागची कांच दोन्हीं अंगांनीं वांकलेली असल्यामुळें सपाट फिल्म तिच्यावर सरळ बसत नाहीं; कडांशीं बोटांसारख्या सुरकुत्या उठतात, आणि गरम हवेच्या यंत्रानें फिल्म आंखडवून त्या जिरवाव्या लागतात. त्या कांचेंत दंव घालविण्यासाठीं बसविलेल्या बारीक तारा असतात. जुनी फिल्म पात्यानें खरवडली तर त्या तुटतात. एक पोरगा हें सारें काम वीतभर जागेंत पाठीवर निजून करीत होता.

दुकानदारानें दोन नमुने पुढें केले. एक काळाभोर, स्वस्त. दुसरा स्वच्छ, कित्येक पटींनीं महाग.

“ही काळी लावा, काका. ऊन लागणार नाहीं आणि आंत कोण आहे तेंही कळणार नाहीं.”

“पावतीवर काय लिहाल?” आम्हीं विचारलें.

“पावती कशाला लागते, काका?” तो अगदीं सरळपणें म्हणाला.

त्याच्याकडे उजेड मोजण्याचें एक लहानसें यंत्र होतें, हें त्याच्या बाजूचें सांगितलें पाहिजे. विद्यार्थ्यानें तें मागून घेतलें. मागच्या कांचेवर आंकडा आला ७६. म्हणजे कारखान्यांतच तिच्यांत थोडा हिरवा रंग घातलेला होता. स्वच्छ फिल्म शेंकडा ९० उजेड जाऊं देणारी. ही बेरीज-वजाबाकी नसून गुणाकार आहे, हें बहुतेक गिऱ्हाइकांस ठाऊक नसतें. ७६ चे शेंकडा ९० म्हणजे ६८.४. मर्यादा ७०. बाजूच्या कांचाही ७६ च्याच. त्यांवर शेंकडा ७० ची फिल्म लावली तरी ५३ उरतात, आणि मर्यादा ५०.

“म्हणजे मागच्या कांचेला दीड टक्क्यासाठीं कांहींच लावतां येत नाहीं!” तो म्हणाला.

“१.६,” आम्हीं दुरुस्ती केली.

बराच वेळ तो त्या काळ्या नमुन्याकडे पाहत उभा राहिला. मग त्यानें बाजूच्या कांचांस स्वच्छ फिल्म लावून घेतली, पावती मागितली, आणि मागची कांच होती तशीच ठेवली. परत निघालों तों ऊन कलतें झालें होतें, आणि त्यामुळें आतां तें मानेऐवजीं बरोबर कानावर येत होतें. आम्हीं रुमाल ओला करून डोक्यावर घेतला. चौकांतल्या पोलिसानें ठेंगणी गाडी पाहून हात केला, कमरेंत वांकून आंत डोकावला, आणि त्यास एक घामाघूम प्राध्यापक ओल्या रुमालाखालीं बसलेला दिसला. त्यानें हंसूं दाबीत पुढें जाण्याची खूण केली, आणि आम्ही सातारा रस्त्यास लागलों.